पैसे असूनही खेळाडू का सोडावा लागतो? एनएफएलच्या पगारमर्यादेचा हिशोब

मार्च २०२५ च्या सुरुवातीला, कॅलिफोर्नियात सनीवेलला आमच्या शेजारी राहणारा पाचवीतला मुलगा एकोणीस क्रमांकाची लाल जर्सी घालून आमच्या दारात उभा राहिला आणि त्याने विचारले, "काका, डीबोला का जाऊ दिलं? फोर्टीनाइनर्सकडचे पैसे संपले का?" सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्स हा अमेरिकन फुटबॉलमधला आमच्याकडचा संघ, आणि त्याचे लिव्हाइज स्टेडियम सांता क्लाराला, आमच्या घरापासून दहा-पंधरा मिनिटांवर आहे. या संघाने आपला लाडका खेळाडू डीबो सॅम्युएल वॉशिंग्टनला देऊन टाकला होता आणि बदल्यात त्यांना मिळाली होती नव्या खेळाडूंच्या निवडीतली पाचव्या फेरीची फक्त एक पाळी.

डीबो एकटा गेला नाही. त्याच महिन्यात ड्रे ग्रीनलॉ आणि टलानोआ हुफांगा डेन्व्हरला गेले, चार्व्हेरियस वॉर्ड इंडियानापोलिसला गेला, एरन बँक्स ग्रीन बेला गेला, तर जेव्हॉन हारग्रेव्ह आणि लिओनार्ड फ्लॉइड यांना संघाने स्वतःहून मोकळे केले. आणि मग मे महिन्यात बातमी आली की याच संघाने ब्रॉक पर्डी या खेळाडूशी पाच वर्षांसाठी २६.५ कोटी डॉलरांचा वाढीव करार केला. आमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर त्या दिवशी मोठ्या माणसांनीही शेजारच्या मुलाचाच प्रश्न विचारला. एकीकडे परवडत नाही म्हणून अर्धा डझन माणसे सोडायची आणि दुसरीकडे एकट्याला एवढी रक्कम द्यायची, हे कोणते गणित?

हे गणित किचकट दिसते, पण घरखर्च किंवा दुकानाचा जमाखर्च लिहिणाऱ्या कोणालाही ते कळू शकते. त्यासाठी एकच गोष्ट सुरुवातीपासून लक्षात ठेवावी लागते. संघाकडे पैसे आहेत का, हा येथे दुय्यम प्रश्न आहे. खर्च कोणत्या वर्षाच्या पानावर लिहिला जातो, हा मुख्य प्रश्न आहे.

आधी मर्यादा म्हणजे काय ते पाहू

हा फुटबॉल म्हणजे फातोर्ड्याला किंवा कूपरेजला खेळला जातो तो नव्हे. अमेरिकेत फुटबॉल म्हणजे लंबगोल चेंडू हातात घेऊन धावण्याचा, डोक्याला शिरस्त्राण घालून खेळायचा खेळ. त्याची मुख्य स्पर्धा म्हणजे एनएफएल, आणि तीत ३२ संघ आहेत. प्रत्येक संघाला मोसमात ५३ खेळाडू पदरी ठेवता येतात. या सगळ्या खेळाडूंवर एका वर्षात मिळून किती खर्च दाखवता येईल याची कमाल रक्कम ठरलेली असते आणि ती ३२ संघांना सारखीच असते. तिला सॅलरी कॅप म्हणतात. पुढे आपण नुसते 'कॅप' म्हणू.

१९९४ साली कॅप सुरू झाली तेव्हा ती ३.४६ कोटी डॉलर होती. २०२५ साली ती २७.९२ कोटी डॉलर झाली. हा आकडा कोणी मनाने ठरवत नाही. टीव्हीचे हक्क, तिकिटे, जाहिराती यांतून संपूर्ण लीगला जे उत्पन्न मिळते, त्यातला साधारण ४८ टक्के वाटा खेळाडूंचा, असा मालक आणि खेळाडूंची संघटना यांच्यात लेखी करार आहे, आणि त्या वाट्यावरून कॅप निघते. म्हणून २०२० मध्ये कोरोनामुळे स्टेडियम ओस पडली तेव्हा पुढच्या वर्षीची कॅप १९.८२ कोटींवरून १८.२५ कोटींवर घसरली, आणि नंतर टीव्हीचे नवे करार झाल्यावर ती भराभर वाढत गेली.

दरवर्षी मार्चच्या मध्यावर लीगचे नवे वर्ष सुरू होते आणि त्या क्षणी प्रत्येक संघाला मर्यादेच्या आत असावेच लागते. २०२५ मध्ये तो दिवस १२ मार्च होता. फेब्रुवारी-मार्चमध्ये अचानक खेळाडू सोडल्याच्या, दुसऱ्या संघाला दिल्याच्या, करार बदलल्याच्या बातम्यांचा पाऊस का पडतो, याचे कारण हे आहे. आपल्याकडे ३१ मार्चच्या आधी बँकेत आणि सीएच्या कार्यालयात जी धावपळ असते, तशीच ही.

आयपीएलच्या पर्ससारखेच ना?

बरेचसे तसे आहे, आणि मराठी वाचकाला कॅप समजून घ्यायला आयपीएलइतकी जवळची वाट दुसरी नाही. २०२५ च्या मोठ्या लिलावाआधी प्रत्येक संघाची पर्स १२० कोटी रुपये होती. मुंबई इंडियन्सने बुमराला १८ कोटी, सूर्यकुमार आणि हार्दिकला प्रत्येकी १६.३५ कोटी, रोहितला १६.३० कोटी आणि तिलक वर्माला ८ कोटी देऊन राखून ठेवले. बेरीज ७५ कोटी झाली, आणि उरलेला सगळा संघ ४५ कोटींत बांधायचा होता. ईशान किशन हातचा गेला, हैदराबादने त्याला ११.२५ कोटींना घेतले. अंबानींच्या घरी पैशांची चणचण होती म्हणून तो गेला, असे कोणी म्हणणार नाही. पर्समधली जागा संपली होती, आणि पैसा व जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

येथवर साम्य आहे. फरक असा की आयपीएलमध्ये खेळाडूला जी रक्कम ठरते ती त्या वर्षाच्या पर्समधून सरळ वजा होते. एनएफएलमध्ये लिलाव नाही. खेळाडूचा प्रतिनिधी संघाशी वाटाघाटी करून अनेक वर्षांचा करार करतो, आणि त्या कराराची रक्कम कोणत्या वर्षी किती दाखवायची हे बऱ्याच अंशी संघाच्या हातात असते.

पिठाच्या गिरणीचा घसारा

समजा, आपल्या गल्लीतल्या गिरणीवाल्याने नवी चक्की घेतली आणि तिचे पाच लाख रुपये दुकानदाराला त्याच दिवशी रोख मोजले. पैसे एका दिवसात गेले, पण वहीत तो पाचही लाख त्याच वर्षीचा खर्च म्हणून लिहीत नाही. चक्की पाच वर्षे चालेल असे धरून दरवर्षी एक लाख खर्च दाखवतो. हिशोबाच्या भाषेत याला घसारा म्हणतात. तीन वर्षांनी ती चक्की मोडीत काढावी लागली, तर वहीत न लिहिलेले दोन लाख शिल्लक राहतात आणि ते एकदम खर्ची टाकावे लागतात. चक्की गेलेली असते, पैसे तर तीन वर्षांपूर्वीच गेलेले असतात, पण वहीतला खर्च मात्र आज येऊन पडतो.

एनएफएलचे करार नेमके असेच चालतात. खेळाडूच्या कराराचे दोन मुख्य भाग असतात. एक म्हणजे दरवर्षीचा मूळ पगार, जो त्या त्या वर्षीच मिळतो आणि त्या त्या वर्षीच कॅपमध्ये मोजला जातो. दुसरा म्हणजे साइनिंग बोनस, जो खेळाडूला सही केल्यावर लवकरच रोख मिळतो, पण कॅपच्या वहीत तो कराराच्या वर्षांमध्ये, जास्तीत जास्त पाच वर्षांमध्ये, समान वाटून लिहिला जातो.

आकड्यांनी पाहू. आपण एक काल्पनिक खेळाडू घेऊ. करार पाच वर्षांचा, एकूण १५ कोटी डॉलरांचा. त्यातले ५ कोटी साइनिंग बोनस. मूळ पगार पहिल्या वर्षी २० लाख, मग १ कोटी, २ कोटी, ३ कोटी आणि शेवटच्या वर्षी ३.८ कोटी. बोनसचा घसारा दरवर्षी १ कोटी. म्हणजे कॅपच्या वहीत पहिल्या वर्षी त्याच्या नावापुढे फक्त १.२ कोटी लिहिले जातील, दुसऱ्या वर्षी २, मग ३, मग ४ आणि पाचव्या वर्षी ४.८ कोटी. खेळाडूच्या खात्यात पहिल्याच वर्षी ५.२ कोटी जमा झाले, पण संघाच्या कॅपवर त्या वर्षी त्याचा पाव भागही पडला नाही. पर्डीचा करार वर्षाला सरासरी ५.३ कोटींचा असूनही २०२५ च्या पानावर त्याच्या नावापुढचा आकडा त्याहून पुष्कळच कमी राहिला, तो याच रीतीने.

"परवडत नाही" म्हणणारा संघ दोन महिन्यांत एवढा मोठा करार कसा करतो, याचे अर्धे उत्तर येथेच मिळते. उरलेले अर्धे डीबोच्या जाण्यात आहे.

गेलेल्या माणसाचा खर्च

वरच्या उदाहरणातल्या खेळाडूला तीन वर्षांनंतर सोडले, तर काय होईल? चौथ्या आणि पाचव्या वर्षाचा मूळ पगार वाचेल, कारण एनएफएलमध्ये पुढच्या वर्षांच्या पगाराची हमी दिलेली नसेल तर तो देणे बंधनकारक नसते. पण बोनसचे दोन वर्षांचे न लिहिलेले हप्ते, म्हणजे २ कोटी, एकदम वहीत येऊन पडतील. गिरणीवाल्याच्या मोडीत काढलेल्या चक्कीसारखे. जो खेळाडू आता संघात नाही त्याच्या नावाने कॅपची जागा अडवणाऱ्या या रकमेला डेड मनी म्हणतात.

डीबोला वॉशिंग्टनला दिले तेव्हा फोर्टीनाइनर्सच्या २०२५ च्या वहीत त्याच्या नावाने सुमारे ३.१ कोटी डॉलर डेड मनी लागला. नव्या संघाला फक्त पुढचा पगार द्यायचा असतो, जुन्या बोनसचे हप्ते जुन्याच संघाच्या गळ्यात राहतात. म्हणजे डीबो गेला त्या वर्षी कॅपमध्ये काही मोठी बचत झाली असे नाही. ते ओझे जुने होते, आधीच्या वर्षी पुढे ढकललेले होते, आणि कधीतरी ते उचलावेच लागणार होते. पर्डीचे मोठे आकडे पुढच्या वर्षांत येण्याआधीच, एका वर्षात कळ सोसून, संघाने जुने खाते बंद केले. शेजारच्या मुलाला मी हे सांगितले तेव्हा त्याने क्षणभर विचार करून विचारले, "म्हणजे तो इथे खेळला तेव्हाचे पैसे आता मोजतायत?" याहून नेमकी व्याख्या मला कोणत्याही क्रीडावाहिनीवर ऐकायला मिळालेली नाही.

डेड मनीचे एक गाजलेले उदाहरण डेन्व्हर ब्रॉन्कोसचे आहे. २०२२ मध्ये त्यांनी रसेल विल्सन या खेळाडूशी सुमारे २४ कोटी डॉलरांचा वाढीव करार केला. तो करार सुरू होण्याआधीच, मार्च २०२४ मध्ये, त्यांनी त्याला सोडून दिले. न लिहिलेले हप्ते आणि हमी दिलेला पगार मिळून ८.५ कोटी डॉलर त्यांच्या कॅपवर आदळले, त्यातले ५.३ कोटी २०२४ मध्ये आणि उरलेले २०२५ मध्ये. विल्सन त्या वर्षी पिट्सबर्गसाठी १२.१ लाख डॉलर या किमान पगारावर खेळला, आणि त्याच्या उरलेल्या हमीचे पैसे डेन्व्हर भरत राहिले.

ही रक्कम दोन वर्षांत कशी विभागली गेली, असा प्रश्न येईल. खेळाडूला १ जूननंतर सोडले, तर चालू वर्षाचा हप्ता याच वर्षी आणि बाकीचे पुढच्या वर्षी लिहिता येतात. मार्चमध्ये सोडूनही ही सवलत वर्षाला दोन खेळाडूंपुरती घेता येते.

करार पुन्हा घडवणे

बातम्यांत वारंवार येणारा शब्द म्हणजे रिस्ट्रक्चर. यात खेळाडूचा पगार कापला गेला असे अनेकांना वाटते, आणि हा समज चुकीचा आहे. वरच्या उदाहरणात तिसऱ्या वर्षी खेळाडूचा मूळ पगार २ कोटी आहे आणि कॅपवर एकूण ३ कोटी पडत आहेत. संघाला त्या वर्षी दुसऱ्या कोणाशी तरी नवा करार करायचा आहे, पण जागा नाही. तेव्हा संघ म्हणतो, तुझा पगार २० लाख करतो आणि उरलेले १.८ कोटी बोनस म्हणून आजच हातात देतो. हा बोनस उरलेल्या तीन वर्षांत वाटला जातो, वर्षाला ६० लाख. आता तिसऱ्या वर्षी कॅपवर पडतात १.८ कोटी. म्हणजे १.२ कोटींची जागा मोकळी झाली आणि खेळाडूला एक पैसाही कमी मिळाला नाही, उलट तो लवकर मिळाला. पण चौथ्या वर्षाचा आकडा ४ वरून ४.६ झाला, आणि पाचव्याचा ४.८ वरून ५.४.

उरलेली वर्षे कमी असतील तर संघ करारात आणखी काही वर्षे जोडतात, ज्या वर्षांत खेळाडू खेळणार नाही हे दोन्ही पक्षांना सही करतानाच माहीत असते. ही पोकळ वर्षे फक्त हप्ते पसरवण्यासाठी असतात. टॉम ब्रेडी हा नावाजलेला खेळाडू २०२३ च्या सुरुवातीला निवृत्त झाला, आणि त्या वर्षी टॅम्पा बेच्या कॅपवर त्याच्या नावाने ३.५ कोटी डॉलर लागले, तो घरी बसलेला असताना. टॅम्पाने यात चूक केली असे मला वाटत नाही. त्याच उसनवारीच्या बळावर त्यांनी संघ एकत्र ठेवला होता, आणि त्या काळात एक विजेतेपदही मिळवले होते.

"मग ही मर्यादा नावालाच आहे!"

हा आक्षेप सर्वांत जास्त ऐकू येतो आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. सगळे पुढे ढकलता येत असेल, तर मर्यादा कसली?

पहिली गोष्ट, ढकललेला एकही डॉलर वहीतून नाहीसा होत नाही. खेळाडूला दिलेली प्रत्येक रक्कम केव्हा ना केव्हा कॅपमध्ये मोजली जातेच. न्यू ऑर्लीन्स सेंट्स हा संघ वर्षानुवर्षे दर मार्चमध्ये करार पुन्हा घडवत मर्यादेच्या आत येत राहिला. ड्रू ब्रीस हा त्यांचा आघाडीचा खेळाडू असताना ते शोभून दिसले, कारण संघ जिंकत होता. तो मार्च २०२१ मध्ये निवृत्त झाला, आणि त्यानंतरच्या चार मोसमांत हा संघ एकदाही बाद फेरीत पोहोचला नाही. कार्ड घासून कार्डचे बिल भरणाऱ्या घरात जे होते, ते तिथे झाले.

दुसरी गोष्ट आक्षेप घेणाऱ्याच्या बाजूची आहे. कॅप दरवर्षी वाढते. २०२१ मधले १८.२५ कोटी २०२५ मध्ये २७.९२ कोटी झाले. म्हणून आजचे ३ कोटी चार वर्षांनी वहीत लिहिले, तर तेव्हाच्या मोठ्या कॅपमध्ये त्यांचा वाटा लहान असतो, आणि या उधारीवर व्याज तर नाहीच. ज्यांनी घरासाठी कर्ज काढले आहे त्यांना ठाऊक असते की पहिल्या वर्षी जड वाटणारा हप्ता पगार वाढत गेला की हलका वाटू लागतो. फिलाडेल्फिया ईगल्स हा संघ हे सर्वांत कुशलतेने करतो. जेलन हर्ट्सशी त्यांनी एप्रिल २०२३ मध्ये २५.५ कोटींचा करार केला, सुरुवातीच्या वर्षांतले आकडे लहान ठेवले, आणि मोकळ्या झालेल्या जागेत बाकीचा संघ भरला. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांनी कॅन्सस सिटीला ४०-२२ असे हरवून विजेतेपद मिळवले.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगायला हवी. हप्ते पुढे ढकलायला मालकाने आज रोख रक्कम मोजावी लागते. ज्या मालकाकडे रोख जास्त, त्याला वही लवचिक. कॅप सर्व संघांना समान पातळीवर आणते असे म्हणतात ते बऱ्याच अंशी खरे आहे, पण पूर्ण खरे नाही.

"मालक अब्जाधीश आहेत, दंड भरून जास्त खर्च का करत नाहीत?"

अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये तसे करता येते. तिथे ठराविक रकमेपुढे कर भरून कितीही खर्च करता येतो. एनएफएलची मर्यादा मात्र पक्की आहे. तिच्याबाहेर जाणारा करार लीगचे कार्यालय मंजूरच करत नाही. २०१० हे एक वर्ष मालक आणि खेळाडूंची संघटना यांच्यातला जुना करार संपत आल्यामुळे मर्यादेविना गेले होते. त्या वर्षी डॅलस आणि वॉशिंग्टन यांनी मोठ्या रकमा एकदम खर्ची टाकून पुढची वर्षे मोकळी करून घेतली. तेव्हा लिखित मर्यादा नव्हती, तरीही २०१२ मध्ये लीगने डॅलसच्या कॅपमधून १ कोटी आणि वॉशिंग्टनच्या कॅपमधून ३.६ कोटी डॉलर कापून घेतले. एका वर्षात न वापरलेली जागा मात्र पुढच्या वर्षी नेता येते, आणि शहाणे संघ ती शिल्लक ठेवतात.

स्वस्तातली तीन वर्षे

आता पर्डीकडे वळू, कारण त्याची कथा या सगळ्या गणिताचा गाभा आहे.

एनएफएलमध्ये दर एप्रिलमध्ये महाविद्यालयीन खेळाडूंची निवड होते, तिला ड्राफ्ट म्हणतात. २०११ पासून निवड कितव्या क्रमांकावर झाली यावरून पहिल्या चार वर्षांचा पगार जवळपास ठरूनच जातो, आणि तीन मोसम पूर्ण होईपर्यंत तो करार बदलता येत नाही. ब्रॉक पर्डी २०२२ च्या ड्राफ्टमध्ये २६२ वा, म्हणजे अगदी शेवटचा निवडला गेला. चार वर्षांचे मिळून सुमारे ३७ लाख डॉलर. त्याच मोसमात आधीचे दोन क्वार्टरबॅक जखमी झाले, पर्डी मैदानात उतरला, आणि जागा सोडायला तयारच होईना. पुढच्या मोसमात त्याने संघाला थेट अंतिम सामन्यापर्यंत नेले. फेब्रुवारी २०२४ मधला तो सामना जादा वेळेत २५-२२ असा हरल्याची हळहळ आमच्या गल्लीत अजून आहे. त्या मोसमात त्याचा पगार होता ८ लाख ७० हजार डॉलर.

क्वार्टरबॅक म्हणजे प्रत्येक चालीची सूत्रे हातात असणारा खेळाडू, आणि चांगला क्वार्टरबॅक वर्षाला ५ कोटींच्या घरात जातो. ज्या संघाला तो नऊ लाखांत मिळाला, त्याच्याकडे वर्षाला चार कोटींहून अधिक जागा मोकळी राहिली. फोर्टीनाइनर्सनी ती वापरली. सप्टेंबर २०२३ मध्ये निक बोसाशी १७ कोटींचा करार केला, ऑगस्ट २०२४ मध्ये ब्रँडन आयुकशी १२ कोटींचा. घरात एक मुलगा शिकत असताना कमी खर्चात राहतो, तोवर बाकीच्यांची हौस होते. पण तो मुलगा कधीतरी आपला वाटा मागणार, हे सर्वांना माहीत असते. जानेवारी २०२५ मध्ये पर्डीचा तिसरा मोसम संपला, आणि करारावर बोलायची परवानगी मिळाली. २०२५ च्या कॅपमध्ये ५.३ कोटी म्हणजे १९ टक्के. ५३ जणांच्या संघात एकट्याचा जवळपास पाचवा हिस्सा. त्याच वसंतात जॉर्ज किटल आणि फ्रेड वॉर्नर यांचेही करार वाढवले गेले, म्हणजे कोणाला धरून ठेवायचे हे संघाने आधीच ठरवले होते. बाकीच्यांना जागा उरली नाही.

"इतके कमावूनही थोडे कमी का घेत नाहीत?"

घरोघरी हेच बोलले जाते, आणि मला ते अन्यायाचे वाटते. या खेळात बहुतेकांची कारकीर्द काही मोजक्या वर्षांची असते, आणि कराराचा जाहीर झालेला आकडा सगळाच्या सगळा खेळाडूला मिळेल याची हमी नसते. खरी हमी असते ती साइनिंग बोनसची आणि कराराच्या पहिल्या एक-दोन वर्षांच्या पगाराची. आयुकने ऑगस्ट २०२४ मध्ये सही केली आणि सुमारे सात आठवड्यांत, कॅन्सस सिटीविरुद्धच्या सामन्यात, त्याच्या गुडघ्याचा अस्थिबंध फाटला. त्याने त्या उन्हाळ्यात सराव न करता हमीच्या रकमेसाठी ताणून धरले होते, म्हणून इथल्या रेडिओवर त्याला लोभी म्हटले गेले होते. ताणले नसते तर त्याच्या हाती काय उरले असते, याचा विचार त्या लोकांनी नंतर केला असेल अशी माझी आशा आहे.

शिवाय खेळाडूला बांधून ठेवण्याचे एक हत्यार संघाकडे असते. करार संपलेल्या एका खेळाडूला संघ फ्रँचायझी टॅग लावू शकतो, म्हणजे त्या जागेवरच्या सर्वांत महाग पाच जणांच्या सरासरीच्या आसपासचा पगार देऊन एका वर्षासाठी अडवून ठेवू शकतो. खेळाडूला त्या वर्षी पैसा मिळतो, पण पुढच्या वर्षांची हमी मिळत नाही. डॅलसने २०२० मध्ये डॅक प्रेस्कॉटला ३.१४ कोटींचा टॅग लावला, आणि ऑक्टोबरमध्ये त्याचा घोटा मोडला. तो नशीबवान निघाला, मार्च २०२१ मध्ये त्याला चार वर्षांचे १६ कोटी मिळाले. न्यूयॉर्क जायंट्सनी २०२३ मध्ये सॅक्वॉन बार्कलीला टॅगवर खेळवले आणि मग सोडून दिले. तो फिलाडेल्फियाला गेला, २०२४ च्या मोसमात २००५ यार्ड धावला आणि विजेतेपद घेऊन घरी आला.

यातून संघांसाठी निघणारी गोष्ट कठोर आहे. करार करायचाच असेल तर लवकर करावा, कारण दर वर्षी भाव वाढतो. प्रेस्कॉटचा २०२१ मधला वर्षाला ४ कोटींचा भाव सप्टेंबर २०२४ मध्ये ६ कोटी झाला. डॅलसने मायका पार्सन्सच्या बाबतीतही वेळ काढला, आणि ऑगस्ट २०२५ च्या शेवटी त्याला ग्रीन बेला द्यावे लागले. तिथे त्याला चार वर्षांचे १८.८ कोटी मिळाले. करार करायचा नसेल, तर किंमत असेपर्यंत सोडावा. कॅन्सस सिटीने २०२२ मध्ये टायरिक हिलला मायामीला देऊन ड्राफ्टच्या पाच पाळ्या घेतल्या. तेव्हा त्यांच्यावर टीका झाली, पण पुढची दोन्ही विजेतेपदे त्यांनीच जिंकली.

मधल्या फळीचे काय?

मला सर्वांत जास्त वाईट वाटते ते यांचे. पर्डीला ५.३ कोटी मिळतात, कारण त्याच्यासारखा दुसरा सापडत नाही. ड्राफ्टमधून नुकताच आलेला मुलगा दहा लाखांच्या आसपास खेळतो, कारण नियमच तसा आहे. पिळला जातो तो मधला खेळाडू, सहा-सात वर्षे इमानाने खेळलेला. त्याची मागणी चाळीस-पन्नास लाखांची असते आणि त्याच्या जागी चौथ्या फेरीतला मुलगा पाचव्या हिश्श्यात येऊ शकतो. त्याच्या जाण्याने संघाला पुढच्या ड्राफ्टमध्ये भरपाईची एखादी जादा पाळीही मिळू शकते, म्हणजे त्याला जाऊ देणे हे कधी कधी उलट फायद्याचे ठरते.

काइल युसचेक २०१७ पासून फोर्टीनाइनर्समध्ये आहे. तो फुलबॅक आहे, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्याच्या पुढे राहून त्याच्यासाठी वाट मोकळी करून देणारा. ही जागा बहुतेक संघांनी आता ठेवलेलीच नाही, आणि फोर्टीनाइनर्सचा धावण्याचा सगळा खेळ मात्र त्याच्या खांद्यावर उभा आहे. मार्च २०२५ मध्ये संघाने त्यालाही मोकळे केले. काही दिवसांतच त्याच संघाने त्याला परत घेतले, दोन वर्षांच्या ८० लाख डॉलरांच्या नव्या करारावर. शेजारच्या मुलाने त्या आठवड्यात माझ्याकडून कागद घेतला, त्यावर संघाच्या सगळ्या खेळाडूंची नावे आणि पुढे आकडे लिहिले, आणि बेरीज २७.९२ च्या आत बसेपर्यंत एकेक नाव खोडत राहिला. युसचेकचे नाव त्याने तीनदा खोडले आणि तीनदा परत लिहिले.